सूपभर तूर निवडून होईपर्यंत

तुम्ही अंगणात पडलात आणि मी म्हणाले, "उठा, पिक्चर संपलं."

तुम्ही उठला नाहीत. मी ओट्यावर सूप घेऊन तूर निवडत होते. सकाळचे नऊ वाजले असतील. तुम्ही न्हाणीकडून येत होता, खांद्यावर ओला टॉवेल. मधेच थांबलात, अर्धे वळलात, डावा गुडघा मोडला, मग खांदा टेकला, मग पाठ. तोंड भिंतीकडे. हात जमिनीला लावला नाहीत. पन्नास वर्षं मी पाहत आले तसंच ते पडणं होतं. मला वाटलं, मला चिडवायला पडलात. आदल्या दिवशीच दोन्ही नाती सुट्टी संपवून आदिलाबादला गेल्या होत्या, आणि आता घरात खेळातली गोळी घालायला कोणी उरलं नाही म्हणून तुम्ही कुरकुर करत होता.

"अवो, उठा न. आत्ताच तं आंघोळ केली, अंगाले माती लागून राह्यली."

खडे एका बाजूला, किडके दाणे एका बाजूला. मी मान वर केली नाही. तिसऱ्या वेळी बोलले ते रागाने. "पडून राहा मंग. मी नाई येत उचल्याले."

सूप संपलं. तूर डब्यात भरली, झाकण लावलं. खडे उकिरड्यावर टाकायला उठले आणि तुमच्या पायांना वळसा घालून गेले. हेही लिहिते, कारण हे घडलं. परत येताना तुमच्या तोंडाच्या बाजूने आले. तुमचे डोळे उघडे होते.

तेव्हा मला कळलं. खोटं मरताना तुम्ही डोळे गच्च मिटत होता.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पुण्यानुमोदनाला, तुमच्या आठवणीच्या कार्यक्रमाला, मांडव भरला होता. दिलीप बोलायला उभा राहिला, तुमचा मुलगा, मास्तर आहे, बोलायची सवय. तो म्हणाला, "बाबा पडले अन् आई धावत गेली, पन तोवर सगळं संपलं होतं." बायांनी माझ्याकडे पाहून माना हलवल्या. धावत गेली हे शब्द माझे नव्हते, पण मी खोडलेही नाहीत. आता दिलीपच्या शाळेतले कांबळे सर तुमच्या नावाने छोटं पुस्तक छापत आहेत. त्यांनी मला म्हटलं, आजी, तुम्हीही दोन पानं द्या. जन्म कुठे, मद्रासला कधी, जिनिंगमध्ये रखवालदार किती वर्षं, हे सगळं बाकीच्यांनी लिहिलं आहे. ते मी लिहीत नाही. लोकांना काय सांगायचं ते त्यांनी सांगितलं. मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते घोड्यावर. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. आपलं लग्न ठरण्याच्या आधीची गोष्ट. नाल्याच्या पलीकडे माझं गाव, अलीकडे तुमचं. तुमचे वडील देशमुखाच्या घोड्यांची चाकरी करत आणि त्यांच्या मागे तीच तुमच्याकडे आली. घोडी धुवायची, चारायची, खरारा करायचा, लीद उचलायची. बसायचं मात्र नाही. आपल्या वस्तीतल्या माणसाने घोड्यावर बसून गावातून जायचं नाही, हे कोणी सांगावं लागत नव्हतं. मी धुणं घेऊन नाल्यावर आले होते. तुम्ही शेवंती घोडीला धुऊन परत नेत होता. खोगीर नाही, लगाम नाही, ओल्या पाठीवर उघडेबंब बसलेले, टाचा पोटाशी आवळून. चिंचेच्या वळणाजवळ आलात आणि उतरलात. तिथून पुढे दोर धरून, मान खाली घालून, चालत गेलात. चिंचेपर्यंत एक माणूस होता आणि चिंचेपुढे दुसरा.

मी घरी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर तुमची पाठ फोडली असती त्यांनी. पुढे लग्नाला तुम्ही पायी आलात. माझी मावशी म्हणाली, "पायात दम हाय नवरदेवाच्या." मी मनात म्हटलं, दम टाचांत आहे.

देशमुखाने मग घोडे विकले. हैदराबादचा व्यापारी लॉरी घेऊन आला. शेवंती काही केल्या लॉरीत चढेना. तुम्ही आधी चढून आत उभे राहिलात तेव्हा ती चढली. व्यापाऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "ये आदमी भी साथ में दे दो." देशमुखाने देऊन टाकलं. तुम्ही घरी येऊन मला म्हणालात, "महिन्याभरात येतो." व्यापारी घोडे मद्रासला पिक्चरवाल्यांना भाड्याने देत होता, हे तुम्हालाही तिथे गेल्यावर कळलं. तेव्हा तेलुगूत टोपीवाल्या घोडेस्वारांची पिक्चरं नवीनच निघाली होती. गोऱ्या लोकांच्या पिक्चरवरून घेतलेली. वाळूचं रान, लाकडाची खोटी गावं, कमरेला पिस्तुलं. घोडे होते, टोप्या होत्या, पण घोड्यावरून पडायला माणसं मिळत नव्हती. एक दिवस पडणारा माणूस आला नाही. तुम्हाला टोपी घातली, बूट घातले. बूट मोठे होते म्हणून आत चिंध्या कोंबल्या. तुम्ही शेवंतीवर बसलात. गावात जे करायला चिंचेच्या मागे लपावं लागत होतं ते तुम्ही तीनशे माणसांसमोर दिवसाढवळ्या केलंत. मग एकाने बंदूक रोखली आणि तुम्ही पडलात.

तुमचं पहिलं कार्ड आलं ते अजून माझ्या पेटीत आहे. मोठमोठ्या अक्षरांत दोनच ओळी. "आज दोनदा मेलो. तब्येत बरी आहे." मी चौथी शिकलेली, म्हणून वस्तीतली कार्डं मीच वाचायची. तुमच्या आईला हे कसं वाचून दाखवायचं ते मला कळेना. मी तिला म्हटलं, बरे आहेत म्हणतात. पहिली ओळ गिळून टाकली. ती गिळायला नको होती. कारण सहा महिन्यांनी ते पिक्चर आदिलाबादला लागलं आणि आम्ही तामसीच्या फाट्यावरून बस धरून पाहायला गेलो. तुमची आई, मी, वस्तीतल्या सात-आठ बाया. भाकरी बांधून नेल्या होत्या.

पत्र्याची टॉकीज होती. बायांची बाकं एका अंगाला. पडद्यावर धूळ उडवत घोडे आले आणि तुमची आई ओरडली, "तो पाहा, लाल रुमालवाला. माया पोरगा. टाचा पाहा कशा आवळते." सगळ्यांच्या आधी तिने ओळखलं, तोंड दिसायच्या आधी. बाया खूश झाल्या. तेवढ्यात छपरावरून नायकाने गोळी झाडली आणि तुम्ही धाडकन खाली. म्हातारी उठून उभी राहिली. "मारलं वं माय, माया लेकराले मारलं." छाती बडवायला लागली. मागून लोक तेलुगूत ओरडले, "कूर्चो अम्मा, कूर्चो." बस म्हणत होते. आम्ही दोघींनी तिला धरलं, बाहेर न्यायला निघालो. गाणं सुरू झालं होतं. दारापर्यंत पोचलो तोच पडद्यावर पुन्हा घोडे आले, आणि त्यात तुम्ही, आता काळा रुमाल बांधलेले.

"थांब वं," म्हातारी म्हणाली. "हा तं जिता हाय."

माणसं कमी म्हणून तुम्हालाच रुमाल बदलून पुन्हा बसवलं होतं, हे आम्हाला काय ठाऊक. म्हातारी येऊन परत बाकावर बसली. तुम्ही दुसऱ्यांदा मेलात तेव्हा ती रडली नाही. शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "उठंल आता. पाहाच तू." पिक्चर संपेपर्यंत ती तुमच्या उठण्याची वाट पाहत बसली. नायकाचं लग्न झालं ते तिने पाहिलंच नाही.

परतीच्या बसमध्ये तिने सगळ्या बसला ऐकवलं. माणूस मेल्याची खोटी खबर उठली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आपल्याकडे सगळे मानतात. ती म्हणाली, "आपल्या पोराचं तं खबरेवर नाई, फोटोवर मरन झालं. अन् येका दिवसात दोनदा." आपण दीक्षा घेतली होती, जुन्या समजुती सोडल्या होत्या, पण ही तिने सोडली नाही. तुमचं एकेक पिक्चर आलं की ती तुमच्या आयुष्यात भर घालायची. स्वतः मरताना मला म्हणाली, "त्याची काळजी नको करू. तो शंभराच्या पल्याड जाते." मी हसले होते. पण खरं सांगते, ते माझ्याही मनात कुठेतरी बसलं होतं. तुमच्याजवळ आयुष्य पुष्कळ शिल्लक आहे, सगळ्यांपेक्षा जास्त, असं मी धरून चालले होते. तूर निवडताना मान वर न करण्याचं एक कारण तेही होतं.

तुम्ही सुट्टीवर आलात तेव्हा मी पहिल्याच दिवशी बोलले, "तुमचं मरन काई खरं वाटत नाई."

"काऊन?"

"डोळे गच्च मिटता. मेल्या मानसाचे डोळे असे नाई राहत. मी माया बापाचे पाह्यले."

"अवं, उघडे ठेवले तं धूळ जाते. पापनी हालते. मंग पिक्चरचा सायेब म्हंते, पुन्हा पड."

"मंग पुन्हा पडा. खरं तं वाटंल."

"तू येकदा पडून पाहा, मंग बोल."

तुमची आई बाजाराला गेली होती. परसात ज्वारीचा कडबा रचलेला होता. तुम्ही मला खरंच शिकवलंत. हात पुढे नाही करायचा, मनगट मोडतं. गुडघा सैल सोडायचा, खांदा द्यायचा, मग पाठ. डोकं छातीशी. मी लुगड्याचा ओचा खोचून पडले. तीन वेळा चुकले, हात पुढे गेलाच. चौथ्या वेळी जमलं. तुम्ही बोट रोखून गोळी घालत होता आणि मी पडत होते. कडब्यात दोघं हसत पडलो होतो तोच आई आली. ती म्हणाली, "जनावराले खायाले ठेवलं ते, तुमाले लोळाले नाई." त्यानंतर तिने आठ दिवस माझ्याशी सरळ बोलणं केलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही.

तुमच्या बोलण्याची गोष्ट निघाली की तुम्ही उठून जायचे. आज जाऊ शकत नाही, म्हणून काढते. इतकी वर्षं पडलात, पण पिक्चरमध्ये तुम्हाला बोलायला मिळालं एकदाच. खोट्या गावात धावत यायचं आणि मालकाला सांगायचं, "दोरा, वाळ्ळु वच्चेशारु." मालक, ते आले. एवढंच. तुमची तेलुगू आपल्या बाजाराची, म्हणून तुम्ही ते वाक्य घोकत होता. त्या सुट्टीत घरात तेच चाललं. विहिरीवरून येताना दोरा, जेवताना दोरा. दिलीप तेव्हा दीड वर्षाचा होता, बाबा म्हणायच्या आधी दोरा म्हणायला लागला. तुम्ही मला दारात उभं करायचे, धावत यायचे आणि म्हणायचे. मी सांगायची, धाप जास्त लागली, धाप कमी लागली. खरं म्हणजे ते तुम्ही छान म्हणत होता. धावत आलेला, घाबरलेला माणूस मला दिसत होता. पण मी ते तेव्हा बोलले नाही. तुम्ही फुगले असते.

ते पिक्चर पाहायला आपण दोघंच गेलो. तुम्ही नवा सदरा घातला होता. तुम्ही पडद्यावर धावत आलात, तोंड उघडलंत, आणि आवाज निघाला तो दुसऱ्याचाच. बकरीसारखा बारीक. मद्रासला कोणीतरी बंद खोलीत बसून तुमच्या तोंडात आपला आवाज घातला होता. तुम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं. तुम्ही पिक्चर संपेपर्यंत हलला नाहीत. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलात. तामसी जवळ आल्यावर मी म्हणाले, "आवाज तुमचा नवता."

तुम्ही म्हणालात, "ठाऊक हाय."

मी तेवढंच बोलून थांबले. धाप मात्र तुमची होती, ते मला पडद्यावर दिसत होतं, आवाज कोणाचाही असो. हे बोलायला बस होती, वेळ होता, तुम्ही शेजारी होता. मला ते त्या वेळी सुचलंही होतं. मी शेंगा सोलून खात बसले.

त्यानंतर वर्षभरात घोडा तुमच्या पायावर लोळला. शेवंती नव्हे, ती तोवर गेली होती. त्याच सुमाराला टोपीवाल्या पिक्चरांची हौसही लोकांची फिटली. तुम्ही लंगडत परत आलात. सामान म्हणजे एक पेटी, एक पितळी बक्कल आणि ती टोपी. मग जिनिंगमध्ये कापसाची राखण. मी देशमुखाच्या वावरात जात होते तेच करत राहिले, फक्त देशमुखाने वावर दुसऱ्याला विकलं होतं. एक वर्ष ज्वारीवर पाखरं फार बसली, तेव्हा मी ती टोपी बुजगावण्याला घातली. तुम्ही कामावरून येताना रस्त्यावरून पाहिलीत. वावरात शिरलात, टोपी काढली, सदऱ्याच्या बाहीने पुसली, घरी आणून खुंटीला लावली. मला एक शब्द बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलले असते. बुजगावण्याला मी माझं जुनं लुगडं गुंडाळलं.

आपलं मोठं भांडण त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालं. म्हाताऱ्या कलावंतांना पेन्शन मिळते असं कोणीतरी सांगितलं आणि तुम्ही अर्ज घेऊन एका ऑफिसात गेलात. मीही होते. टेबलावरचा माणूस तरुण होता. त्याने विचारलं, पिक्चरमध्ये नाव येतं का? नाही. बोललात का? एकदा, पण आवाज दुसऱ्याचा. मग काय केलंत?

"पडलो," तुम्ही म्हणालात.

तो हसला. वाईट मनाचा नव्हता, त्याला गंमत वाटली. म्हणाला, "दाखवा बरं, बाबा, कसे पडत होते."

आणि तुम्ही पडलात. पासष्टीचे होता, पाय अधू, खाली फरशी. वळलात, गुडघा, खांदा, पाठ. डोळे गच्च मिटलेले. सगळं ऑफिस उभं राहिलं. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन धावला. तुम्ही डोळे उघडलेत, उठलात, धूळ झटकलीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ज मंजूर नाही झाला, पुरावा नव्हता.

रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, "लाज नाई वाटत? पोरासोरांपुढं फरशीवर लोळता."

"टाळ्या आयकल्या नाई का तुनं?"

"माकड नाचवलं तरी लोक टाळ्या वाजवते."

तुम्ही थांबलात. भर रस्त्यात, मागून ऑटो हॉर्न देत होते. म्हणालात, "येकदा तरी म्हन. मी नट होतो. बाकी कोनी नाई म्हटलं तरी चालते."

मी म्हणाले, "नट घोडा होता. तुमी त्याच्यावरून पडत होते."

हे मी बोलले. ते मागे घेता येईल असे दिवस नंतर हजारो आले. रोज सकाळी चहा दिला, रोज भाकरी दिली, पायाला तेल चोळलं. तेवढं एक वाक्य दिलं नाही. तुम्हीही पुन्हा मागितलं नाही. मला वाटलं होतं, विसरलात. पण दोन वर्षांमागे थोरल्या नातीने शाळेचा फॉर्म भरताना विचारलं, आजोबा, तुमचा धंदा काय लिहू? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आजीले इचार." मी म्हणाले, रखवालदार लिही. तिने लिहिलं.

नातींनी मात्र तुम्हाला पुन्हा कामाला लावलं होतं. सुट्टीत आल्या की बोट रोखायच्या, ठो म्हणायच्या, आणि तुम्ही, ऐंशीच्या घरातला माणूस, आधी खुंटीवरची टोपी काढून घालायचे आणि मग पडायचे. टोपी हलकेच उडून बाजूला पडली पाहिजे, असा तुमचा नियम. पडून राहायचे ते मी ओरडेपर्यंत. मद्रासला म्हणे साहेब ओरडायचा मग मेलेले उठायचे. घरात तो साहेब मी होते. "उठा, पिक्चर संपलं." तुम्ही पहिल्या हाकेला कधी उठला नाहीत. दुसरीला एक डोळा उघडायचा. तिसरीला हात पुढे करायचे, उचल म्हणून. नाती दोन बाजूंनी ओढायच्या.

त्या दिवशी टोपी खुंटीवरच होती. हे मी पाहायला हवं होतं. खुंटी माझ्या समोर होती, ओट्यावर बसलं की सरळ दिसते. टोपीशिवाय तुम्ही कधी पडला नव्हता.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "आजी, पडतानाच गेले होते ते. तुम्ही काही करू शकत नव्हता." मी विचारलं, "तुमाले कसं ठाऊक? तुमी तं नवते तिथं." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कागद लिहायला लागला. चांगला मुलगा आहे. म्हाताऱ्या बायांना असंच सांगायचं असतं. तुम्हाला आंघोळ घातली तेव्हा दिलीप म्हणाला, एवढे ओट्याच्या कडेजवळ पडले पण अंगावर एक ओरखडा नाही. कोपर धड, डोकं धड. शरीराला जे शिकवलं होतं ते त्याने शेवटपर्यंत केलं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. सात-आठ वर्षांमागे मी बोअरवेलजवळच्या शेवाळावरून घसरले होते. तुम्हाला म्हटलं, काही नाही, पाय मुरगळला. खरं म्हणजे मी चांगलीच आपटले होते, हंडा डोक्यावर. हात पुढे गेला नाही. गुडघा सैल सुटला, खांदा टेकला, मग पाठ. हंडा फुटक्यासारखा चेपला, मला काही झालं नाही. माझ्या वयाच्या दोघी त्याच शेवाळावर कंबर मोडून खाटेला लागल्या. मी चिखलात पडल्या पडल्या हसले होते. घरी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही वस्तीभर सांगत फिरला असता. म्हणून नाही सांगितलं. माझी कंबर तुमची आहे, एवढं आता समजा.

परवा मी पुन्हा तूर निवडायला बसले. तेच सूप, तेवढीच तूर, समोर घड्याळ. मला भेटायला आलेली सून म्हणाली, "आई, घड्याळाकडं काऊन पाहून राह्यल्या?" मी म्हणाले, तुझं काम कर. सतरा मिनिटं लागली. डब्यात भरायला आणि झाकण लावायला आणखी एक. दिलीपला ते हे पान वाचून कळेल. त्याने मांडवात सांगितलं ते खोटं होतं, पण चूक त्याची नाही. धावत गेले नव्हते मी.

तुमच्या मरणावर मी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला नाही. तुम्हाला त्याचा राग होता. त्या दिवशीही ठेवला नाही. नट असतो तो खोटं खरं करून दाखवतो. तुमचं खरं मला खोटं वाटलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, चौथीपर्यंत ते शिकवत नाहीत. कांबळे सरांनी विचारलं, फोटोखाली नावाच्या पुढे काय टाकू, जिनिंगचं टाकू का? मी म्हणाले, नट टाका. ते म्हणाले, नक्की? मी म्हणाले, मी सांगते ना. तुम्ही मागितलं होतं तेव्हा दिलं नाही, आता दिल्याने तुम्हाला मिळत नाही, हे मला कळतं. तरी टाकायला लावलं.

टोपी खुंटीवर आहे. धाकटी नात मागते, मी देत नाही.

अंगणात आपण दोघंच होतो. तुम्ही पडून होता आणि मी तूर निवडत होते. मी तीनदा हाक मारली. त्यातली एखादी तुम्हाला ऐकू गेली का, एक डोळा उघडायला, हात पुढे करायला तुम्ही धडपडलात का, हे सांगायला तुम्ही नाही. विचारत राहायला मी आहे.